ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा

बर्फाच्या कारखान्यावरची ही खोली दिवसभर थरथरते.
खाली वेंगुर्ल्याचं बंदर, वर मी,
आणि मच्छीमार सोसायटीनं दिलेलं काम :
लिलावाचे आकडे एका फाइलीत,
त्यांची बेरीज करणारं पायथन दुसरीत,
तिसरीत झिलू केळुसकरांचं बोलणं,
निवतीला त्यांच्या पडवीत बसून टिपलेलं.

झिलूकाका सावकाश बोलतात.
वाक्य संपलं की समुद्राकडे बघतात,
विडी शोधतात, सापडत नाही,
शोधत होतो हेच विसरतात.
ते थांबणं मला लिहायचं होतं.
टिंबं नको वाटली. म्हणून ओळीच्या शेवटी
दोन मोकळ्या जागा.
मार्कडाउनमध्ये एवढ्यानं ओळ तुटते,
दिसत मात्र काही नाही.

शनिवारी एक प्लगइन बसवलं, नीटनेटकं,
सेव्ह केलं की ओळींची शेपटं झाडून नेणारं.
पायथन लखलखीत झालं.
सोमवारी काकांची फाइल छापायला घेतली तर
ऐंशी वर्षांचा माणूस एका दमात बोलत होता
भाऊ बुडाला आणि पापलेट त्या दिवशी चांगलं गेलं आणि
आईनं चूल विझवली आणि वारा उत्तरेचा होता आणि

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तीन तास.
एकेक थांबा परत जागेवर.

मग सेटिंग उघडलं, प्रकाराप्रमाणे लिहीत गेले.
पायथन असेल तर झाड, खुशाल झाड.
आकडे असतील तर शेवटच्या स्वल्पविरामाला हात लावू नकोस,
पुढचा रिकामा रकाना म्हणजे
त्या दिवशी होडी गेली नव्हती.
मार्कडाउन असेल तर : फॉल्स.
शब्दतपासणीही फॉल्स,
'रापण'खाली लाल रेघ ओढणारी ती कोण?

संध्याकाळी काकांना फोन करून सांगायला गेले
काय झालं होतं ते. निम्मं मलाच सांगता येईना.
ते म्हणाले,
"तारल्येचा जाळा घेवन मोरी धरूक गेल्लंस काय गो?"

मी हसले. ते हसले नाहीत.
मग फोनवर बराच वेळ नुसता वारा.
खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं.
मी ते वाक्य लिहिलं, स्पेसबार दोनदा दाबला,
सेव्ह केलं,
कर्सर ओळीच्या टोकाला नेऊन मोजलं.
आहेत.