पाणी सुकायच्या आत

काळी गाडी घेऊ नका, मी सबनीस मॅडमना सांगितलं होतं.
पण शोरूमच्या दिव्याखाली काळ्यात आपलं तोंड छान दिसतं
आणि माणूस तिथल्या तिथे सही करतो.
आता निस्तरायचं मी.

जितेश, बादली ठेव. आधी ऐक.
उलव्यात उन्हं लवकर येतात, त्यांना आडवं काही नाही.
सातच्या पुढे बी विंगची सावली बॉनेटवरून सरकते,
त्याच्या आत आटपलं पाहिजे.
तापलेल्या पत्र्यावर पडलं
की पाणी आपलं राहत नाही.

शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नको.
टँकरचाही नको, तो कुठे भरतो त्याचं त्यालाच माहीत.
वॉचमन सांगेल, आरओचं वाया जातं ते घे, फुकट आहे.
ते तर अजिबात नको. लोकांनी प्यायचं ते प्यायले,
उरलेलं सगळं त्यात आहे.
नळाच्या दोन बादल्या
मी रात्रीच भरून जिन्याखाली ठेवतो.

आता टपावरून सोड. शिंपडू नको,
मगाच्या काठावरून सावकाश,
अंगावरची चादर घसरावी तसं खाली जाऊ दे.
थेंब थेंबाला सोबत घेऊन जातो.

पंचा पसर. बनियन नको,
गेल्या वेळी तू बनियन घेतलंस, ओरखडा अजून दिसतोय.
दोन टोकं धर, टपावर टाक, आपल्याकडे ओढ.
घासायचं नाही. पिळ, उलटा कर, परत.
मग दुसरं फडकं, कोरडं,
ज्याला मी कुणाला हात लावू देत नाही.
टप, काचा, बॉनेट, डिकी, शेवटी दारं.
खालून सुरुवात करणारा
तेच पाणी दोनदा पुसतो.

माझा बाप न्हाव्याकडे मिठागरात होता.
त्याचं काम नेमकं उलटं.
खाडी वाफ्यात घ्यायची आणि वाट बघायची.
मी काठीने ढवळायला गेलो की ओरडायचा,
"पान्याला हात नको लावू. त्याचं ते सुकंल."
आणि चैत्रात पाणी निघून जायचं,
जे जायला तयार नसायचं
ते पांढरं होऊन खाली बसायचं.
त्यावर आमचं घर चाललं.

मी त्याच पांढऱ्याच्या मागे फडकं घेऊन धावतो.
महिन्याला सातशे, काळ्या गाडीचे नऊशे.

एकदा त्याला इथे आणलं होतं, मोतीबिंदू काढल्यावर.
डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गोळ्यांची पिशवी.
मी मागचं एक दार मुद्दाम पुसलं नाही.
उन्हं आली. थेंब बसल्या जागी सुकले,
दारभर गोल पांढऱ्या कडा उठल्या.
बाप वाकला, बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"यात काय दम नाय," म्हणाला,
"आनखी चार दिस पायजे होतं."
वर गॅलरीत मॅडम ब्रश करत उभ्या.
ते दार मी परत धुतलं.

झालं, असं वाटतंय ना तुला?
आरशाच्या पोटात पाणी दडून बसतं.
नंबरप्लेटच्या मागे, दाराच्या रबरात, पेट्रोलच्या झाकणात.
आपण पाठ फिरवली की हळूच बाहेर येतं,
एकच रेघ, पण काळ्यावर.
चारही दारं उघड आणि जोरात लाव.
आरशाला दोन चापट्या मार.
मग थांब. पाच मिनिटं काही करू नको,
चहा घे हवा तर, पण नजर आरशाखाली.

बघ, आलाच.

पूस.
अरे, ते फडकं नाही.