मैलाच्या दगडाची पाठ

दगडावर तेव्हा 'बंबई' असायचं,
आणि वडील त्यावरचा अनुस्वार सगळ्यात शेवटी द्यायचे,
श्वास रोखून, कुंचल्याच्या टोकानं.
लिहायचे हिंदीत, मोजायचे मराठीत.
भिकाजी ठोसर, पेंटर, बांधकाम खातं.
हद्द : भंवरकुव्यापासून मानपूरच्या उतारापर्यंत.

आग्रा-बंबई रोड एवढं लांब इंदूरला कुणी म्हणत नाही.
ए.बी. रोड.
इंग्रजीची पहिली दोन अक्षरं; पुढची आम्ही शिकलोच नाही.

डांबराआधी इथे खडी होती, खडीआधी मुरूम,
मुरुमाआधी बंजाऱ्यांच्या बैलांची मिठानं वाकलेली ओळ.
माळव्याची अफू याच बाजूनं उतरली, गाडीवान पेंगत.
आणि नर्मदा ओलांडून दक्खनची घोडी वर आली,
त्यांच्या धुळीत कुणी पखाल वाहणारा, कुणी खोगीर शिवणारा.
त्यातच एखादा ठोसर असेल.
आमच्या घरात याहून जुना कागद नाही.

ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं काका गेला,
सरकीच्या ट्रकवर बसून, परळच्या गिरणीत.
राजेंद्रनगरच्या दगडावर तेव्हा तीनशे सहासष्ट मैल.
पहिल्या वर्षी चार पत्रं आली. मग एक.
मग सरकारनं मैल काढून किलोमीटर आणले,
वडिलांना यादी मिळाली : जुना आकडा, नवा आकडा.
तीनशे सहासष्टचे पाचशे एकोणनव्वद.

रस्ता तोच आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?
तरी तो एक दगड त्यांनी दोन दिवस तसाच ठेवला,
रंगाचा डबा सायकलला लावून पुढचे आधी केले.

एकदा मुन्नेखाँच्या ट्रकमधून मला नेलं.
भेरूघाटात इंजिन कण्हायला लागलं, खाली निमाडची झळ.
खलघाटच्या पुलावर मुन्नेखाँनं खिडकीतून पैसा टाकला,
'मय्या सबकी है' म्हणाला, गिअर बदलला.
जुलवान्याला चहा, सेंधव्याला कापसाचे डोंगर,
बिजासनीच्या घाटात नारळ.
पळासनेरला वडील उतरले. तिथून पुढं दगड दुसऱ्याचे.
तिकडच्या पेंटरनं 'मुंबई' लिहिलं होतं.
ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले,
'उकाराची शेपटी जरा लांब झालीय.'
आणि आम्ही परतीचा ट्रक धरला.
आयुष्यभर त्यांनी जे नाव लिहिलं
ते गाव त्यांनी पाहिलं नाही.

आता तीन नंबरचा रस्ता बावन्न नंबर झालाय.
ट्रक बायपासनं जातात, गावाला वळसा घालून,
देणेकरी ओळखीचं दुकान टाळतो तसे.
मधोमध बससाठी रेलिंग लावली होती, तीही काढतायत.
देवास नाक्यावर नाका नाही,
आणि दर निवडणुकीला चढलेल्या डांबराच्या थरांत
राजेंद्रनगरचा दगड गळ्यापर्यंत बुडालाय.
वर फक्त पिवळं डोकं आणि एक अनुस्वार.
त्याला टेकून चावीवाला बसतो.

'चाबी बनवानी है क्या, काका?'
मी नाही म्हटलं आणि दगडामागं हात घातला.
गटाराची भिंत आणि दगड यांत चार बोटं जागा.
घरात कुणी बोललं नव्हतं, पण आईला माहीत होतं,
आणि ती जाताना मला सांगून गेली :
पाठीमागे, जिकडून कुणी वाचत नाही,
त्यांनी खिळ्यानं जुना आकडा कोरून ठेवलाय.

बोटाला तीन लागला.
मग सहाचं पोट.
तिसरा आकडा डांबराखाली.

चावीवाला बघत होता.
'कुछ गिर गया?'
मी म्हटलं, नाही, आहे जागेवर.