टिचकी

आरगेहून मिरजेला जाताना
वाटेत तीन दवाखाने लागतात.
एक गावातला सरकारी, व्हरांड्यात शेळी बसलेली.
एक फाट्यावर, नवा, सगळा काचेचा.
आणि मिरजेत शिरता शिरता ते मोठं, सात मजल्यांचं,
जिथं मामांचं कार्ड चालतं. फुकट.

मामा तिन्ही ओलांडतात.
माझ्या स्कूटीवर मागं बसून, पिशवी पोटाशी धरून
म्हणत राहतात, पुढं. आजून पुढं.

सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत,
भोपळे टांगलेल्या दुकानाला लागून
डॉक्टर जमादारांची खोली.
एक बाकडं, एक पंखा.
डॉक्टर आणि पेशंट, दोघंही ऐंशीच्या पल्याड.
जमादार आधी विचारतात, "पारिसा, पानमळा काय म्हणतोय?"
मळा विकून अकरा वर्षं झाली.
मामा सांगतात, "येल उतरवायला आलाय."
मग शर्ट वर करून पाठमोरे बसतात
आणि जमादार दोन बोटांनी पाठीवर ठोकतात, कान देऊन.
शेजारी कारागीर भोपळ्यावर टिचकी मारत असतो.
कधी कधी दोन्ही आवाज एकदम येतात.
कुठला कशाचा, मला नाही कळत.
मामांना कळतो.

मागच्या पौषात दम लागला
तेव्हा ह्यांनी ऐकलं नाही, मोठ्या दवाखान्यातच नेलं.
नंबर सत्त्याण्णव.
आतली मुलगी चांगली होती, खोटं कशाला बोलू.
तिनं मशीन लावलं, पडद्याकडं बघत सांगितलं,
हृदय पस्तीस टक्के चालतंय.
मामा बाहेर येऊन म्हणाले, "काठावर पास."

दुसऱ्या दिवशी ती फाईल घेऊन पुन्हा गल्लीत.
जमादारांनी भिंग धरून वाचली. दोनदा.
म्हणाले, "गोळ्या तिच्याच घे. पोरगी हुशार हाय.
मीबी तिच्याकडंच जातो."
तपासायचे साठ रुपये मात्र ठेवून घेतले.

हे सगळं मी रात्री भांडी विसळताना आत्तींना सांगत होते.
त्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या.
सहज बोट लागलं त्यांच्या घोट्याला
तर खळगा पडला, पिठात पडावा तसा.
कधीपासनं?
"दिवाळीच्या आधीपासनं आसंल."

दोन बाळंतपणं घरात, एक मळ्यात.
डोळ्याचं ऑपरेशन, शाळेत शिबिराची गाडी आली म्हणून.
एकाच डोळ्याचं.
दुसऱ्याच्या वेळी गाडी आली नाही.

मी हात पुसले.
म्हटलं, आत्ती, तुम्हाला कुठं न्यायचं?
जमादारांकडं, का मोठ्या दवाखान्यात?

"मला?"
त्या घोट्याकडं बघत राहिल्या,
खळगा भरून येईपर्यंत.
मग म्हणाल्या,
"तुला सवड आसंल तिथं."