मोजणी

फॉर्मवर 'व्यवसाय' पुढे एजंटच्या पोरानं लिहिलं: मत्स्य सोसायटी.
म्हटलं, ढिवर लिही ना बावा,
कौतिका वलथरे, ढिवर.
तो म्हणाला, तसा रकाना नाही.

आधी लंका, तिथून मालदीव.
शेजारच्या दोन बेटांवरची माणसं
एकमेकांची कोण लागतात, हे पाहायला
आम्ही नऊजणी. बाकीच्या शिकलेल्या.
मी मासोळी ओळखणारी.

सोमावतीच्या कालवणात
लाकडासारखी वाळकी मासोळी पडली.
विचारलं कुठली,
तर तिनं समुद्राकडे हनुवटी केली.
चार दिवसांनी तीच मासोळी
मालदीवात फातुमाच्या चुलीवर धुरात लटकलेली.
फातुमा मोजत होती:
एके, दे, तिने, हतरे, फहे.
सोमावतीनं मोजलेलं आठवलं:
एक, देक, तुन, हतर, पह.
दुभाष्या वहीत लिहीत राहिला.
मी बोटं मोडली. पाचच्या पाच जुळली,
थोडी वाकडी,
सख्ख्या बहिणींची नाकं असतात तशी.

परत आले तर पाळीवर बाया जमल्या.
"काय व, समुद्र पायला?"
पायला.
"केवढा?"
खारट.
आपल्या बोडीत घातला
तर एक मरळ जगनार नाही.
हसल्या. मग पोवनाच्या मुळ्या उपटायला
पाण्यात उतरल्या, मीही उतरले.

तलावापलीकडे मांगली.
लिलावावरून वाजलं त्याला अकरा वर्षं झाली.
त्यांचा डोंगा आमच्या काठाला लागत नाही,
आमची पोरगी त्यांच्या घरात जात नाही.
हा तलाव खोदला तेव्हा
कोणाच्या टोपलीतली माती कोणत्या पाळीवर पडली,
ते विचारायला
एकही वही घेऊन कोणी आलेलं नाही.
लंकेला जायला व्हिसा मिळाला, बाई.
मांगलीला कुठून काढायचा?

काल सांजेला वारा पडला होता.
पलीकडे कोणी म्हातारा टोपल्या मोजत होता,
पाण्यावरून सगळं स्पष्ट येत होतं:
लाभ, दोन, तीन, चार...
आमच्याकडेही एक म्हणत नाहीत,
लाभच म्हणतात.
सोळापर्यंत ऐकलं, मग तो खोकला.
खोकला थांबेना,
तर माझ्याच तोंडून मोठ्यानं निघालं:
सतरा!

पलीकडे गप्प.
एक दाडक उडाला, पाणी हललं, पुन्हा बसलं.
बराच वेळ.

मग त्यानं पहिल्यापासून सुरू केलं,
जरा जोरात:
लाभ.