वीस वर्षांचा आराखडा

चार विरुद्ध तीन. एल्डन व्रूमनने हात वर केला
सगळ्यात शेवटी, कान खाजवतोय असं दाखवत,
आणि केसलर काउंटीच्या अकरा उद्यानांचं भविष्य
शहाऐंशी हजार डॉलरना ठरवायला दिलं गेलं.
मी मागच्या रांगेत होतो. गवत कापायच्या यंत्राचा
पट्टा मागायला आलो होतो.
पट्ट्याचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.

सल्लागार आला एप्रिलच्या चिखलात, मिनियापोलिसहून.
नाव ऑगस्टिन प्रेल, बूट नवे.
तीन दिवस माझ्या ट्रकमध्ये शेजारी बसून हिंडला.
माणूस वाईट नव्हता. मोज्यावरची गोचीड
त्याने आरडाओरडा न करता काढली,
आणि सँडविच मोडून देताना
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

विचारायचा फार. हा पूल कधीचा,
तो नळ कुणी बंद केला, ओकखाली बाक का नाही.
पूल माझ्या आधीचा.
नळ मीच बंद केला, पाइप फुटला त्या हिवाळ्यात.
बाक होता की. ओकनेच मुळं वर काढून उलथला.
हे त्याने दोनदा सांगायला लावलं,
दुसऱ्यांदा हसला, आणि तरीही लिहून घेतलं.

पिकरेल तळ्यापाशी मात्र उतरला.
डांबरी वाट सोडून गवतातून
एक तिरकी रेघ गेलेली, मळकी, पावलाएवढी रुंद.
"ही कुणी आखली?"
कुणीच नाही. पोरांना शाळेची बस गाठायची असते.
त्याने वही मिटली. उभा राहिला त्या रेघेकडे बघत,
आपल्याच धंद्यातलं कुणी थोरलं माणूस
अवचित भेटावं तसा.

मग मे महिन्यात शाळेच्या व्यायामशाळेत सभा.
भिंतीवर नकाशा, दाराशी पाणचट कॉफी,
प्रत्येकाच्या हातात पाच हिरव्या टिकल्या:
जिथे तुमचा जीव अडकलाय तिथे चिकटवा.
कुत्रेवाल्यांनी कुत्र्यांचं कुंपण हिरवंगार केलं,
मासेवाल्यांनी धक्का.
नव्वदीला टेकलेली हेल्गा टॉर्विक
वॉकर सरकवत आली, चष्मा बदलला,
आणि पाचही टिकल्या लावल्या नकाशाच्या बाहेर,
कोऱ्या समासात, एकीला एक खेटून.

प्रेल वाकला. बाई, इथे उद्यान नाहीये.
"ठाऊक आहे. इथे माझं स्वयंपाकघर आहे."
मग, त्याला कळलं नाही असं वाटून, जरा मोठ्याने:
"तिथून दिसतं ना."

अहवाल ऑक्टोबरात आला. एकशे बेचाळीस पानं, गुळगुळीत,
माझीच वाक्यं आत इस्त्री करून घडी घातलेली.
तिरकी रेघ आता नियोजित जोडमार्ग,
टप्पा दोन, डांबरासह.
शेवटच्या परिशिष्टात, मुंगीएवढ्या अक्षरांत:
कक्षेबाहेरचे प्रतिसाद, पाच.
एवढंच. पण गाळलं नव्हतं त्याने, हेही खरं.

मंडळाने अहवाल एकमताने स्वीकारला,
म्हणजे कपाटात उभा केला.
एल्डन म्हणाला, दिशा मिळाली.
सहलीच्या शेडचं छप्पर गळतंय, खाली बादली आहे,
बादली कुठल्याच टप्प्यात नाही.
पट्टा अजून यायचाय.

गुरुवारी करवत होतीच ट्रकमध्ये.
तळं आणि हेल्गाचं घर यांच्यामध्ये
सुमॅकची झुडपं माजली होती, माणसाच्या वर.
तासाभराचं काम. कामाचा कागद नव्हता,
कुणी सांगितलंही नव्हतं.
फांद्या ओढता ओढता वर पाहिलं,
तर काचेमागे ती, हातात ओली ताटली.
मी हात हलवला.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
माझ्या मागे बघत होती.