सदतीस अंश

पहिल्या तपासणीत मी लिहिलं होतं: आढळले नाही.
नळी वॉर्डातून आली बाकीच्या नळ्यांसोबत,
स्टीलच्या ट्रेमध्ये, मेडिकलच्या लांब व्हरांड्यातून,
डिसेंबरच्या सकाळी, साडेआठ अंशांत.
वाटेत वॉर्डबॉय चहाला थांबला असेल.
मला काय माहीत.
जे गोठायचं ते वाटेतच गोठून
गुठळीबरोबर खाली बसलं होतं.
मी वरचं स्वच्छ पाणी पाहिलं, आणि सही केली.

वच्छला हेडाऊ, वय एकावन्न, गोळीबार चौक.
पायांवर ठिपके, "जांभळं सांडल्यावानी".
लघवीला फेस. डोळ्यांखाली सूज.
क्रिएटिनिन चार पूर्णांक एक.
एकोणीस वर्षं कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
मिरचीची पोती मोजली.
तिखटाचा रंग उडू नये म्हणून त्याला थंडीत ठेवतात,
हे मला तिनेच सांगितलं.

दुसऱ्या वेळी मीच गेले.
घरचा थर्मास, त्यात कोमट पाणी,
बाळाच्या अंघोळीचं पाहावं तसं कोपराने पाहिलेलं,
मग थर्मामीटरनेही, कारण कोपरावर सही करता येत नाही.
सिरिंज आधी मुठीत धरली.
ती हसली:
"काऊन वो मॅडम, मायं रक्त का अंडं आहे,
उबवून रायल्या?"

होय, म्हटलं. तसंच समजा.

थर्मास स्वेटरच्या आत धरून मी निघाले.
कडुनिंबाखाली नातेवाइकांनी खोकी पेटवली होती,
कुणी ओळखीचं म्हणालं, या, शेका थोडं.
थांबले नाही.
ती ऊब माझी नव्हती, उसनी होती, आणि वेळेत पोचवायची होती.

नंतर उलटं. वेगळा केलेला द्रव
फ्रीजमध्ये, चार अंशांवर, सात दिवस.
आधी जिवापाड जपायचं, मग मुद्दाम गारठवायचं.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशी रविवार.
चौथ्या दिवशी तळाशी पांढरं,
पेजेच्या निवळीखाली बसतं तेवढं.

चव्वेचाळीस वर्षं या शहरात आहे.
गारांनी संत्री झोडपलेली पाहिली,
बर्फ पडताना कधी नाही.
हा एवढाच, बोटाच्या अर्ध्या पेराचा.
कोमट पाण्यात धरला तर विरघळला.
परत ठेवला. परत आला.

मूत्रपिंडात तो असा सहज विरघळत नाही.

डॉक्टरांनी मूळ शोधलं: यकृतातला जुना विषाणू,
कुठल्या सुईतून आला कुणास ठाऊक.
गोळ्या सुरू झाल्या.
नवा रिपोर्ट फाइलला लागला, जुना काढला नाही,
तसा नियमच आहे.
दोन तारखांमध्ये बारा दिवस आहेत.
त्या बारा दिवसांत चाळणीची किती भोकं बुजली
ते कुठल्याच कागदावर नाही.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
ओपीडीतली सगळी गर्दी एका कूलरपुढे,
आणि ती बाहेर, पायरीवर, उन्हात,
पायांत लोकरी मोजे.
क्रिएटिनिन दोन पूर्णांक सहा.
"मिरची आता घरीच निवडतो," म्हणाली.
"कोल्डात नाही जात. सारे शिव्या देते या उन्हाले,
मी नाही देत बाप्पा."

माझ्या हातात गार पाण्याची बाटली होती,
बाहेरून घामेजलेली.
मी ती नकळत पाठीमागे नेली.