साळसूद

रात्री दोनला पंखा घरघरतो.
टेबलाशी कोणी नाही.
एउलालिया म्हणते, हे यंत्र झोपेत धावतं.

पुंता अरेनासच्या वाऱ्यातून भाचा आला,
हातमोजे दातांनी काढत.
आधी इंटरनेटची वायर उपटली.
मग सेफ मोड. काळा पडदा, बारीक अक्षरं.

सगळी नावं साळसूद.
एकात मात्र एलच्या जागी एकचा आकडा.
एवढाच फरक.
"हा बघ, घरच्यासारखा बसलाय."

आला कधी?
गेल्या अकरा जूनला.
ती गप्प झाली.
ओस्वाल्दोला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी
'सांत्वनपत्र' नावाची फाइल तिने उघडली होती.
आत काहीच नव्हतं,
तरी दोनदा उघडली होती.

पुसू?

पूस.

पंखा थांबला.
आता बाहेरचा वारा ऐकू येतो
आणि दोन वाजता ती जागीच.